मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये



भात केव्हा कापावे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. लोंबीतील बहुतेक दाणे पिवळे झाले आणि तळाचे थोडे हिरवट राहिले की विळा हाती घ्यावा. घाई केली तर दाणा पोचट निघतो आणि उशीर केला तर दाणे शेतातच गळतात. पिकण्याचा हा हिशेब आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की डोळ्यांच्या बाबतीतही आपण तोच लावतो. ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, कोणत्याही तालुक्यात जा, साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला डोळ्यांविषयी विचारले की उत्तर ठरलेले असते : "मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकला की काढू."

हे वाक्य मी स्वतःही एकदा उच्चारले आहे, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. म्हणून कृषिविद्येचा अध्यापक असूनही या वेळी पिकाऐवजी डोळ्याविषयी लिहीत आहे.

माझे थोरले चुलते मुरबाड तालुक्यात खरिपात भात आणि उन्हाळ्यात भेंडी करतात. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त डोंबिवलीत राहतो. २०२१ च्या पावसाळ्यात काका मला म्हणाले, की समोर सदा धुके असल्यासारखे वाटते. कल्याणच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात झाल्याचे सांगितले आहे, काय करू? मी बिनधास्त सांगितले, "इतक्यात कशाला? पिकू द्या, मग बघू." त्याच हंगामात त्यांनी भाताला युरियाचा एक हप्ता जास्त दिला. पानाचा रंग पाहून नत्र द्यावे म्हणून मीच त्यांना हिरव्या छटांचा तक्ता दिला होता. तक्ता वापरताना दर वेळी एकाच माणसाने आणि शक्यतो एकाच वेळी रंग पाहावा, असे आम्ही सांगतो. तो माणूस एकच होता, वेळही एकच होती. पण पाहणारा डोळाच बदलत चालला होता हे माझ्या ध्यानात आले नाही. काकांना पान फिकट दिसले. जादा नत्राने भात माजले, तुडतुडे आले आणि पीक काही ठिकाणी लोळले.

पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी भेंडीवरील तुडतुड्यांसाठी आणलेल्या औषधाऐवजी बांधावर मारण्यासाठी ठेवलेले तणनाशक पंपात ओतले. दोन्ही बाटल्या एकाच आकाराच्या, पांढऱ्या. आठवडाभरात दहा गुंठ्यांतील भेंडी हातची गेली. घरातल्या सर्वांनी त्यांचे वय काढले. "आता विसरायला होतं, फवारणी दुसऱ्याकडून करून घ्या," असे आम्ही त्यांना सुनावले. काका काही बोलले नाहीत. ते विसरले नव्हते. त्यांना लेबलच वाचता येत नव्हते, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती.

मोतीबिंदू म्हणजे नेमके काय?

डोळ्यात काळ्या बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. आकार अख्ख्या मसुराच्या दाण्यासारखा. रुंदी सुमारे ९ ते १० मि.मी. आणि जाडी ४ ते ५ मि.मी. बाहेरून येणारा प्रकाश हे भिंग डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एकवटते आणि आपल्याला दिसते. भिंग मुख्यतः पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असते. प्रथिने नीट रचलेली असतात तोवर ते काचेसारखे स्वच्छ राहते. वय वाढते तशी ही रचना बिघडते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि आत येणारा प्रकाश विखुरला जातो.

भात उत्पादकाला हे समजायला सोपे आहे. तांदळाचे दोन दाणे उजेडासमोर धरून पाहा. एक आरपार चमकतो; दुसऱ्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग असतो. दाणा भरताना पिष्टाचे कण दाटीने बसले नाहीत, मध्ये पोकळी राहिली, की प्रकाश विखुरतो आणि दाण्याचे पोट पांढरे दिसते. भिंगातही कारण वेगळे असले तरी प्रकाशाचे तसेच होते. पांढऱ्या पोटाचा दाणा कितीही धुतला, घासला तरी पारदर्शक होत नाही. त्याचप्रमाणे गढूळ झालेले भिंग थेंब, मलम, मध, गुलाबपाणी किंवा झाडपाला यांपैकी कशानेही पुन्हा स्वच्छ होत नाही. मोतीबिंदू "विरघळवणारे" थेंब म्हणून जे विकले जाते त्यावर पैसे घालवू नयेत. शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पापुद्रा किंवा बाहेरून वाढलेले मांस नव्हे. उन्हाधुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यातून बुबुळावर मांसाची वेल चढते, ते दुखणे वेगळे. काचबिंदू तर अगदीच वेगळा. त्यात डोळ्याची नस खराब होते आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत मिळते, हा त्यातला मोठा दिलासा.

वय हे मुख्य कारण असले तरी मधुमेह, तंबाखू व विडी, वर्षानुवर्षे अंगावर घेतलेले कडक ऊन, चुलीचा धूर, डोळ्याला झालेली इजा आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर यांमुळे तो लवकर येऊ शकतो. डोळे लाल झाले की दुकानातून स्टेरॉइडयुक्त थेंब आणून महिनोन् महिने घालण्याची सवय फार वाईट. त्याने मोतीबिंदूही येतो आणि काचबिंदूही.

आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीवरील लोकांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच आढळले. त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. म्हणजे या वयातील दर तीन अंधांपैकी जवळजवळ दोघांचे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होण्यासारख्या कारणाचे आहे.

शेतात दिसणारी लक्षणे

दवाखान्यातला तक्ता वाचण्याची वेळ येण्याआधी शेतातच काही खुणा दिसतात. दुपारच्या उन्हात डोळे दिपतात, सायंकाळी मात्र बरे दिसते. मुरबाड-कल्याण रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती उजेडाचे कडे दिसते आणि क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. कल्याण स्टेशनवर गाडीचा दर्शक वाचता येत नाही, म्हणून माणूस शेजाऱ्याला विचारून गाडीत चढतो. आमचे काका दोन वर्षे असेच करीत होते.

एक खूण फसवी आहे. वर्षानुवर्षे चष्म्याशिवाय वर्तमानपत्र न वाचणाऱ्या वृद्धाला एके दिवशी जवळचे चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते आणि घरात आनंद होतो. भिंगाचा मधला भाग घट्ट होताना डोळ्याचा नंबर बदलतो, त्याचा हा परिणाम असतो. हे सुख फार दिवस टिकत नाही.

रंगांची पारख कमी होणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. भिंग पिवळसर-तपकिरी होते तसा निळा रंग मंद पडतो आणि निळा-हिरवा यांतला फरक ओळखणे अवघड जाते. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण विषारीपणाची तीव्रता सांगतात. लेबलावरील बारीक अक्षर वाचता येत नाही आणि त्रिकोणाचा रंगही नीट कळत नाही, अशा माणसाच्या हाती फवारणी पंप देणे पिकाला, त्याला स्वतःला आणि भाजी खाणाऱ्यालाही धोक्याचे आहे. घरातील वडीलधारे माणूस औषधाची बाटली उजेडाकडे नेऊन फिरवून फिरवून पाहू लागले, तर त्याला रागावू नये. डोळे तपासायला न्यावे.

"पिकू द्या" हे कोठून आले?

हा सल्ला मुळात खोटा नव्हता. तो जुन्या शस्त्रक्रियेचा होता. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरील उपचाराचे वर्णन आहे. त्यात शलाकेने गढूळ भिंग बाहुलीसमोरून बाजूला सारीत. १७४७ मध्ये फ्रान्समधील झाक दाव्हिएल यांनी भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली, आणि पुढे दोन शतके तिच्यातच सुधारणा होत राहिल्या. आपल्या आजी-आजोबांच्या काळात शाळेच्या वर्गखोल्यांतून वा मंडपांतून भरणारी नेत्रशिबिरे अनेकांना आठवत असतील. त्या वेळी आवरणासह संपूर्ण भिंग काढीत. जखम मोठी, टाके पडत, आणि रोग्याला काही दिवस डोके न हलवता पडून राहावे लागे. आत दुसरे भिंग बसवत नसत, त्यामुळे पुढे जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, बाजूचे दिसत नसे, बांधावरून चालताना पाय चुके. ज्याला थोडेफार दिसते आहे त्याची दृष्टी या शस्त्रक्रियेने सोयीची होण्याऐवजी गैरसोयीचीच झाली असती. म्हणून डॉक्टरच सांगत, अजून थांबा, पिकू द्या.

मग चित्र पालटले. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे शिरलेले पाहिले. ते तुकडे डोळ्याने निमूट सहन केले होते. त्यावरून त्यांनी तशाच पदार्थाचे भिंग घडवून १९४९ मध्ये प्रथम रोग्याच्या डोळ्यात बसवले. १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो लहानशा छेदातून ओढून घेण्याची पद्धत आणली. कृत्रिम भिंग आपल्याकडे बरीच वर्षे महाग होते. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र संस्थेने ऑरोलॅब हा कारखाना काढून ते स्वस्तात बनवायला सुरुवात केली. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साह्याने सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प राबवण्यात आला, त्यात महाराष्ट्र होता. शिबिरातील शस्त्रक्रिया रुग्णालयात आणणे आणि भिंग बसवण्याचे प्रमाण वाढवणे, हे काम त्या वर्षांत झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते लातूर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले आहेत, हे सांगायला मला आवडते.

सांगायचा मुद्दा हा, की आज भिंग फार कडक होण्याआधी शस्त्रक्रिया केली तर ती सोपी जाते. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू कडक असतो. तो फोडायला जास्त वेळ आणि जास्त शक्ती लागते, गुंतागुंतीची शक्यता वाढते, आणि मागचा पडदा आधी नीट तपासताही येत नाही. त्याहूनही वाईट म्हणजे अति पिकलेले भिंग फुगते किंवा त्यातील द्रव पाझरतो आणि डोळ्याचा दाब एकदम चढतो. डोळा लाल होतो, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात. पुष्कळदा पित्त समजून घरगुती उपाय चालू राहतात. अशा वेळी चार दिवस गेले तर नस कायमची खराब होऊ शकते, आणि मग शस्त्रक्रिया करूनही दृष्टी येत नाही. भाताचा दाणा गळाला तर एका हंगामाचे नुकसान होते. येथे पुढचा हंगाम नसतो.

तेव्हा केव्हा करावी? आपल्या रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की. लेबल वाचता येत नाही, रात्री गाडी चालवता येत नाही, बांधावर पाय चुकतो, तांदूळ निवडता येत नाही. हाच निकष. मोतीबिंदू नुकताच सुरू झाला असेल आणि कामात काही अडत नसेल, तर थांबायला हरकत नाही. सहा महिन्यांनी तपासून घ्यावे.

शस्त्रक्रिया हिवाळ्यातच करावी, हाही एक समज आहे. आताच्या पद्धतीत ती कोणत्याही ऋतूत करता येते. तरीही आपल्या भागातील भात उत्पादकाने मळणी आटोपल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीत ती करून घ्यावी असे माझे मत आहे. त्याचे कारण थंडी नव्हे. जूनमध्ये पेरणी, जुलैमध्ये चिखलणी व लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी व झोडणी. या दिवसांत शेतकऱ्याला घरी बसवता येत नाही आणि चिखल व धूळ चुकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये राब भाजायचा असतो, त्याचा धूर आणि राख. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचेही तेच. मात्र दाब चढला असेल किंवा डॉक्टरांनी तातडीने करा म्हटले असेल, तर लावणी असो वा कापणी, थांबू नये.

तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत

प्रथम जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे तपासून घ्यावे. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया भिंगासह विनामूल्य होते. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि मुंबईत जे. जे. ही नावे आपल्याला ठाऊक आहेतच. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीव व परळ येथील महापालिकेची मोठी रुग्णालये मध्य रेल्वेच्या वाटेवरच आहेत. आधारकार्ड, रेशनकार्ड आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर ठेवाव्यात.

तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नये. डोळ्याचा दाब, मागचा पडदा आणि अश्रूनळी तपासतात. डोळ्याची लांबी व बुबुळाची गोलाई मोजून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढतात. रक्तातील साखर व रक्तदाब पाहतात. साखर आटोक्यात नसेल तर तारीख पुढे ढकलतात. त्यात डॉक्टरांची टाळाटाळ नसते, जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये हा हेतू असतो.

दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावे, पण स्वतःच्या मनाने ती बंद करू नये. दुसरी, पुरुषांमध्ये लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर तेही सांगावे. या औषधाने बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो आणि सर्जनला त्याची आधी तयारी ठेवावी लागते. काकांनी ही गोळी सांगितलीच नव्हती. "डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध?" असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या सुनेने पिशवीतून चिठ्ठी काढून दाखवली म्हणून बरे झाले.

शस्त्रक्रियेच्या वेळी रोगी जागा असतो. थेंब घालून किंवा डोळ्याजवळ सुई देऊन डोळा बधिर करतात. वरून दिव्याचा प्रखर उजेड दिसतो, पाणी वाहल्यासारखे जाणवते, आवाज ऐकू येतात, दुखत नाही. खोकला आला तर आधी सांगावे, डोके एकदम हलवू नये. गुंतागुंत नसेल तर हे सारे बहुधा अर्ध्या तासाच्या आत उरकते. डोळा बाहेर काढून धुऊन पुन्हा बसवतात, ही गावोगाव ऐकू येणारी गोष्ट निव्वळ थाप आहे.

पद्धती मुख्यतः दोन आहेत. फेको पद्धतीत अडीच मि.मी.च्या आसपास छेद घेऊन ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करतात आणि घडीचे भिंग आत सोडतात. लोक तिला "लेसर" म्हणतात, पण त्यात लेसर नसतो. दुसऱ्या पद्धतीत सहा-सात मि.मी.चा छेद घेऊन भिंग हाताने काढतात. तो छेदही असा तिरपा घेतात की बहुधा टाक्याशिवाय मिटतो. ही पद्धत स्वस्त आहे आणि कडक मोतीबिंदूत तिचे निकाल चांगले आहेत. आपल्याला ही पद्धत सुचवली म्हणजे गरिबाचे म्हणून हलके काम केले, असे मानू नये.

भिंगाच्या निवडीत बरेच जण गोंधळतात. साधे भिंग बहुधा दूरच्या दृष्टीसाठी बसवतात. वाचायला चष्मा लागतो. जवळचे-दूरचे दोन्ही दाखवणारी महाग भिंगे असतात, पण काहींना त्यांत रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. पहाटे अंधारात भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात गाडी नेणाऱ्याने हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलून ठरवावे. मला विचाराल तर साधे भिंग आणि वाचायचा चष्मा यांत शेतकऱ्याचे काही अडत नाही. आणि कर्ज काढून महाग भिंग घालण्याची तर मुळीच गरज नाही. एकदा बसवलेले भिंग जन्मभर टिकते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. पट्टी काढल्यावर काहींना लगेच स्वच्छ दिसते, काहींना धूसर दिसून आठवडाभरात सुधारते. थोडे पाणी येणे, वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, उजेड सहन न होणे, रंग निळसर-झळझळीत वाटणे हे पहिल्या दिवसांत चालते. काकांनी पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा विचारले, की दवाखान्याची भिंत आताच रंगवली काय.

काका डोंबिवलीत मुलाकडे राहिले, हे उत्तम झाले. गावाकडे असते तर तिसऱ्या दिवशी गोठ्यात गेले असते. ज्यांचे नातेवाईक शहरात आहेत त्यांनी पहिला आठवडा-पंधरवडा तिकडे काढावा. तपासणीलाही जवळ पडते. तशी सोय नसेल तर घरातील एका माणसाकडे थेंबांची जबाबदारी सोपवावी. थेंब साधारण चार ते सहा आठवडे घालायचे असतात आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे असतात. दिसू लागले म्हणून मध्येच बंद करू नयेत. हात साबणाने धुवावेत, खालची पापणी ओढून एक थेंब सोडावा, बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. दोन औषधे असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत.

डोळा चोळू नये. झोपेत हात जातो म्हणून पहिला आठवडाभर रात्री प्लास्टिकची ढाल लावावी. अंघोळ मानेखालून करावी. डोक्यावरून पाणी डॉक्टरांनी सांगितल्यावरच. विहिरीत, नदीत पोहणे महिनाभर तरी बंद. जड ओझे उचलू नये, ओणवे होऊन काम करू नये. म्हणजे भाताचे पोते, पाण्याची कळशी, खुरपणी हे सर्व आले. गोठ्यातील शेण काढणे, चुलीपुढे बसणे, मळणीयंत्राजवळ उभे राहणे आणि कोणतीही फवारणी बहुधा चार ते सहा आठवडे टाळावी. नक्की मुदत आपल्या डॉक्टरांकडून घ्यावी. जेवणात पथ्य नाही. मधुमेह असेल तर जे एरवी, तेच. फिरणे, दूरदर्शन पाहणे, थोडे वाचणे याने डोळ्याला काही होत नाही. दूध, तूप, मध, लिंबू, अंगारा यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळी अडचण दिसते. पुरुषाची शस्त्रक्रिया झाली की घर त्याला जपते. बाईची झाली की चौथ्या दिवशी चूल आणि पाणी तिच्याच वाट्याला येते, म्हणून ती मुळात शस्त्रक्रियाच पुढे ढकलत राहते. तारीख घेण्यापूर्वी तिच्या कामाची महिनाभराची वाटणी घरात ठरवून घ्यावी.

दुखणे वाढत चालले, डोळा अधिक लाल झाला, आलेली दृष्टी पुन्हा मंदावली, पू किंवा चिकट स्राव आला, विजा चमकल्यासारखे दिसले किंवा नजरेच्या एका बाजूला पडदा पडल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रविवार, सण, पुढच्या आठवड्याची तारीख, काही पाहू नये. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर काही तासांचा उशीरही महाग पडतो.

चष्म्याचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात. त्याआधी घाईने चष्मा बनवू नये. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया बहुधा काही आठवड्यांनी करतात. एकाने काम भागते म्हणून ती राहून जाते. दोन्ही डोळे सारखे नसले तर अंतराचा अंदाज चुकतो, आणि विळा, कोयता, यंत्राचा पट्टा यांच्याशी रोजचा संबंध असणाऱ्याला ते परवडत नाही.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला असे लोक म्हणतात. तसे नसते. भिंग ज्या नैसर्गिक पिशवीत बसवलेले असते तिची मागची बाजू गढूळ होते. तिला काही मिनिटांत लेसरने छिद्र पाडतात, कापावे लागत नाही. लेसर वापरतात तो येथे. मात्र मधुमेहाने पडदा खराब झाला असेल किंवा काचबिंदूने नस गेली असेल, तर उत्तम शस्त्रक्रियेनंतरही दृष्टी अपुरी राहते. डॉक्टरांना आधीच विचारावे : "माझा पडदा आणि नस कशी आहे, किती दिसेल?"

काकांचा उजवा डोळा डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि डावा जानेवारीच्या अखेरीस. मार्चमध्ये ते राब भाजायला निघाले तेव्हा काकूंनी त्यांना परत घरात बसवले. त्या वर्षी राब मुलाने सुटी काढून भाजला. खरिपात त्यांनी माझा तो तक्ता पुन्हा मागून घेतला आणि लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फोन केला, "पान चांगलं हिरवं आहे, युरिया देत नाही." मी जाऊन पाहिले. त्यांचे बरोबर होते. घरातील औषधांच्या बाटल्या त्यांनी आता दोन वेगळ्या खोक्यांत ठेवल्या आहेत. तणनाशकाच्या खोक्यावर कोळशाने मोठी फुली काढली आहे.